शिलारसाचा दाटपणा आणि आमचे विभागप्रमुख

ज्या माणसाबद्दल मी हे लिहिते आहे तो जिवंत आहे, धुळ्यात देवपूरलाच राहतो, आणि हे त्याच्या वाचनात आलं तर मला जराही वाईट वाटणार नाही. पुढे मी त्यांना 'ते' आणि 'सर' म्हणणार आहे. ती अकरा वर्षांची सवय आहे, मोडत नाही. त्यात आदर शोधू नये.

मी भूगोल शिकवते. माझं लहानपण भुसावळजवळ दीपनगरच्या वसाहतीत गेलं. वडील वीजकेंद्रात राखेच्या विभागात होते. जळलेल्या कोळशाची राख पाण्यात कालवायची आणि मोठ्या पाइपांतून लांबच्या तलावात सोडायची, हे त्यांच्या विभागाचं काम. पाणी कमी पडलं की तो लगदा दाट व्हायचा, पाइप तुंबायचा, मागे दाब चढत जायचा आणि कुठला तरी सांधा फुटायचा. अशा दिवशी वडील चिखलाने माखलेले बूट दाराबाहेर काढत आईला एवढंच सांगायचे, "आज परत घट्ट झालं होतं."

त्यामुळे एम.ए.ला ज्वालामुखीचं प्रकरण आलं तेव्हा मला त्यात पाठ करण्यासारखं काही दिसलं नाही. शिलारस म्हणजे जमिनीखालचा वितळलेला खडक. तो पातळ असला तर त्यातले वायू बुडबुडे होऊन वर येतात, निघून जातात, आणि रस नुसता वाहत सुटतो. तोच घट्ट असला, त्यात सिलिका जास्त असलं, तर वायूला वाट मिळत नाही. दाब वाढत जातो आणि शेवटी डोंगराचं तोंड उडवून राख आणि दगड आकाशात फेकले जातात. घट्ट रस स्फोटक, पातळ रस वाहता. क्वचित अपवाद असतात, पातळ रसाला पाणी भेटलं तर तोही फुटतो. पण मूळ गोष्ट एवढीच. या एका गोष्टीवरून माझं आणि सरांचं वैर सुरू झालं आणि ते निवृत्त झाले तरी संपलं नाही.

मी देवपूरच्या त्या महाविद्यालयात रुजू झाले त्याच वर्षीची अंतर्गत परीक्षा. पाच गुणांचा प्रश्न होता: शिलारसाच्या दाटपणाचा उद्रेकावर होणारा परिणाम स्पष्ट करा. एका मुलीने मी शिकवल्याप्रमाणे नेमकं उत्तर लिहिलं होतं, आकृतीसकट. मी पाचपैकी पाच दिले. सरांना नव्या शिक्षकांचे पेपर पुन्हा तपासायची सवय होती. दुसऱ्या दिवशी तो पेपर माझ्या टेबलावर आला. पाच खोडून शून्य केलं होतं, आणि त्याच्याभोवती लाल शाईचं गोल कडं.

मी पेपर घेऊन स्टाफरूममध्ये गेले. जेवणाची सुट्टी होती. चार जण डबे उघडून बसले होते.

"सर, हे उत्तर बरोबर आहे."

"माझ्या गाइडमध्ये काय दिलंय?"

सरांनी स्वतः लिहिलेलं गाइड आमच्या विभागातल्या प्रत्येक मुलाकडे होतं. त्यात लिहिलं होतं की पातळ शिलारस अतिशय तप्त असतो, म्हणून त्याचा उद्रेक सर्वांत स्फोटक असतो. पहिला अर्धा भाग खरा होता. म्हणूनच कुणाला आजवर शंका आली नव्हती.

"गाइडमध्ये चूक आहे," मी म्हटलं.

समोरच्या एकाचा घास हातातच राहिला. सर हसले. त्यांचं हसू मला पहिल्या दिवसापासून आवडलं नव्हतं, दात दिसायचे, डोळे तसेच राहायचे.

"मॅडम, तुम्ही इथे कुठल्या जागेवर आलात?"

"भूगोलाच्या."

"तसं नाही विचारत. कुठल्या जागेवर?"

ते काय विचारताहेत हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला कळलं होतं. मी बौद्ध आहे हेही सगळ्यांना माहीत होतं. मी म्हटलं, "राखीव जागेवर. आणि त्या दिवशी मुलाखतीला बसलेल्या सगळ्यांत, खुल्या जागेवाल्यांसकट, माझे गुण जास्त होते. शून्य खोडा."

त्यांनी खोडलं नाही. बाकीच्यांनी डबे संपवले.

ज्या मुलीचे गुण गेले ती दोन दिवसांनी मला जिन्यात भेटली. तिचे वडील पत्र्याच्या पेट्या आणि कोठ्या बनवायचे, जुन्या धुळ्यात त्यांचं दुकान होतं. घरात कॉलेजपर्यंत पोचलेली ती पहिली. मला वाटलं, ती आभार मानेल. ती चिडलेली होती.

"मॅडम, तुम्ही शिकवलं म्हणून मी ते लिहिलं. सरांचं पाठ करणाऱ्यांना चार-चार मिळाले. आता माझे कोण देणार?"

"खरं तेच लिहीत जा," असं काहीतरी मी बोलले आणि बोलतानाच मला स्वतःचा राग आला. शून्य तिच्या पेपरावर होतं, माझ्या नाही.

डिसेंबरात विभागाची सहल निघाली. धुळ्याहून साक्रीच्या बाजूला गेलं की सपाट रानात मध्येच काळ्या दगडाच्या लांबच लांब भिंती उभ्या दिसतात. कुणी बांधल्यासारख्या सरळ. त्यांना डाइक म्हणतात. जमिनीला पडलेल्या भेगेत शिलारस शिरला, तिथेच थिजला, आणि आजूबाजूचा मऊ खडक झिजून गेल्यावर ती भरलेली भेग भिंतीसारखी उभी राहिली. जगभरातले अभ्यासक त्या बघायला येतात. आमच्याकडे त्यांची खडी करतात.

सर भिंतीच्या पायथ्याशी एका दगडावर चढले आणि चाळीस मुलांना सांगू लागले, "इथे एक प्रचंड ज्वालामुखी होता. बॉम्बसारखा फुटला. हा खडक बघा, किती भोकं आहेत. ही वायूची भोकं. वायू म्हणजे स्फोट. आपल्या बेसॉल्टचा रस जगात सर्वांत पातळ, म्हणून स्फोटही सर्वांत मोठा."

मी गप्प राहायचं ठरवून आले होते. खरंच ठरवलं होतं. पण पेटीवाल्यांची ती मुलगी मागून मोठ्याने म्हणाली, "मग मॅडमनी उलटं का शिकवलं?"

चाळीस तोंडं माझ्याकडे वळली.

मी म्हटलं, "कारण ते उलटंच आहे. वायू होता, पण रस पातळ होता, म्हणून तो निघून गेला. थर गार होताना जे शेवटचे बुडबुडे वरच्या भागात अडकले त्यांची ही भोकं. इथे बॉम्बसारखा डोंगर फुटला असता तर अशा भेगा भरल्या नसत्या, आणि खानदेशात एकावर एक असे सपाट थर मैलोन् मैल पसरले नसते. आपण ज्या जमिनीवर उभे आहोत ती वाहत आली आहे."

सर दगडावरून उतरले. मुलांना म्हणाले, "नमुने गोळा करा, अर्ध्या तासात बस निघेल."

मी भिंतीच्या दुसऱ्या बाजूला गेले. तिथे डाइक आणि मूळ खडक जिथे चिकटतात ती रेघ स्पष्ट दिसत होती. तिचे फोटो काढत बसले. वीस मिनिटंही झाली नसतील. बसचा हॉर्न ऐकला, इंजिनाचा आवाज ऐकला, आणि भिंतीला वळसा घालून रस्त्यावर आले तेव्हा बस धूळ उडवत पुढच्या वळणावर पोचली होती. मागच्या काचेला चेहरे चिकटलेले होते. त्यातला एकही ओरडला नाही, निदान मला ऐकू आलं नाही. नंतर कळलं, सरांनी ड्रायव्हरला आणि मुलांना सांगितलं होतं की मॅडमना घ्यायला घरून गाडी येते आहे.

माझी पाण्याची बाटली आणि डबा बसमध्येच होता. फोनला रेंज नव्हती. मी भर दुपारी त्या रस्त्याने चालायला लागले. मला रडू आलं नाही, हे मी मुद्दाम सांगते, कारण नंतर स्टाफरूममध्ये मी रडले अशी बातमी होती. मी चालताना मोठमोठ्याने शिव्या देत होते. दीपनगरच्या पोरींना शिव्या चांगल्या येतात.

तासाभराने एक काळी-पिवळी जीप थांबली. चालक म्हातारा होता. "कथा जावानं शे, ताई?" त्याने विचारलं. मी देवपूर म्हटलं. "बशी जा. तठेच जाई ऱ्हायनू." बाकी वाटभर त्याने काही विचारलं नाही. त्या दिवशी माझ्याशी नीट वागलेला तो एकटाच माणूस.

मी प्राचार्यांकडे लेखी तक्रार दिली. प्राचार्य भला माणूस, म्हणजे निर्णय न घेणारा. त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवलं आणि म्हणाले, "गैरसमज झाला असेल. दोघंही विद्वान आहात. मतभेद असायचेच."

"हा मतभेद नाही," मी म्हटलं. "यातलं एकच खरं आहे. मी मुलांसमोर दाखवते."

"काय दाखवणार? ज्वालामुखी?" सर म्हणाले.

"हो."

पुढच्या सोमवारी मी घरून दोन पातेली, बेसन आणि गॅसची छोटी शेगडी प्रयोगशाळेत आणली. प्राचार्य दारात उभे राहिले. सर आले, पण खिडकीकडे तोंड करून. मी एका पातेल्यात ताकासारखं पातळ बेसन उकळत ठेवलं, दुसऱ्यात पिठलं घट्ट होऊ दिलं. पातळ पातेल्यात बुडबुडे येत होते, फुटत होते, वाफ जात होती. कुणाला काही झालं नाही. घट्ट पातेल्यात आधी काहीच दिसेना. मग पृष्ठभाग फुगला, फट्‌ असा आवाज झाला आणि पिठल्याचा गोळा टेबलावर उडाला. दुसरा माझ्या मनगटावर बसला. भाजलं, चांगलंच. मी हात हलवला नाही.

"आच दोन्हींखाली सारखी आहे," मी म्हटलं. "वाफ दोन्हींत आहे. मग एकच का उडतंय?"

साक्रीकडच्या एका खेड्यातला मुलगा पहिल्या बाकावरून म्हणाला, "असंच शे मॅडम. आमनी माय पिठलं घाटस तव्हय बठ्ठं अंगवर उडस." सगळा वर्ग हसला. तो हसवण्यासाठी बोलला नव्हता. त्याला समजलं होतं. मग मी त्यांना सांगितलं, की घट्ट पिठल्यात वाफेचं जे होतं तेच जमिनीखाली वायूचं होतं, आणि प्युमिसचा तरंगणारा दगड हातोहात फिरवला. त्या तासाला मला जे वाटलं ते मला पुन्हा फारसं वाटलेलं नाही.

सर दाराकडे जाताना म्हणाले, "हे महाविद्यालय आहे, खानावळ नाही."

तेवढ्यावर थांबले असते तर बरं होतं. दुपारी मी प्युमिस परत ठेवायला प्रयोगशाळेत गेले तर शिपाई मामा टेबल पुसत होते. बादलीत फिनेल होतं. आधी एकदा पुसून झालेलं टेबल ते पुन्हा पुसत होते.

"मामा, मी पुसलं होतं ना?"

मामांनी वर बघितलं नाही. "सरांनी सांगितलं. दोनदा फिनेलने पुसा म्हणाले. खुर्ची पण."

आदल्याच आठवड्यात त्याच टेबलावर सरांच्या वाढदिवसाचे समोसे आणि केक झाला होता. तेव्हा फिनेल निघालं नव्हतं. मी मामांच्या हातातलं फडकं घेतलं, बादली उचलली आणि सरांच्या केबिनमध्ये जाऊन त्यांच्या टेबलासमोर फरशीवर ओतली. सगळी. ते पाय वर घेऊन बसले.

"आता इथलं पण पुसून घ्या," मी म्हटलं.

त्याबद्दल मला मेमो मिळाला. मी तो जपून ठेवला आहे. फिनेलने पुसायला सांगणाऱ्याला मिळाला नाही, कारण टेबल स्वच्छ ठेवणं हा गुन्हा नाही. प्राचार्यांचं हे वाक्य मी तसंच्या तसं दिलं आहे.

एप्रिलमध्ये विद्यापीठाने आधी मागच्या वर्षी राहिलेल्या मुलांची परीक्षा घेतली, आमच्या वर्गाची महिनाभराने होती. पेपर तपासायला जळगावला जावं लागायचं. सर आणि मी, दोघांचीही नेमणूक झाली होती, एकाच हॉलमध्ये, दोन टेबलं सोडून. पेपरात तोच प्रश्न आला होता. मुख्य परीक्षक बाई बाहेरगावच्या होत्या. त्यांनी सगळ्यांना बसवून नमुना उत्तर वाचलं: शिलारस घट्ट असल्यास वायू अडकतात व उद्रेक स्फोटक होतो, पातळ असल्यास वायू सहज मुक्त होतात व लाव्हा शांतपणे वाहतो. "कुणाला काही शंका?" त्यांनी विचारलं.

मी सरांकडे बघितलं. आता उठतील, मला वाटलं. निदान कपाळाला आठी पडेल. त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि पहिला पेपर ओढला.

त्या दिवशी पाणी प्यायला जाताना मी मुद्दाम त्यांच्या टेबलामागून गेले. ते त्या प्रश्नावर आले होते. मुलाने लिहिलं होतं, पातळ रस सर्वांत स्फोटक. बहुधा त्यांच्याच गाइडमधून उचललेलं, शब्दन् शब्द तोच. सरांनी शांतपणे त्यावर फुली मारली आणि शून्य दिलं. पुढच्या पेपरात घट्ट रस स्फोटक होता. त्याला चार.

संध्याकाळी धुळ्याच्या एसटीसाठी आम्ही दोघं एकाच थांब्यावर उभे होतो. टळटळीत ऊन उतरलं होतं पण डांबर अजून तापलेलं होतं. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"तुम्हाला माहीत होतं."

"काय?"

"सगळं. पहिल्यापासून."

ते रस्त्याकडे बघत होते. मग पहिल्यांदाच माझ्याशी नेहमीच्या आवाजात बोलले, बरोबरीच्या माणसाशी बोलतात तसं. "गाइड छापून आलं त्याच वर्षी लक्षात आलं होतं. वाक्य लिहिताना उलटसुलट झालं. पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करणार होतो. राहून गेलं."

"मग मी सांगितलं तेव्हा?"

"माहीत असणं वेगळं, मॅडम. तुमच्या तोंडून ऐकून घेणं वेगळं."

"माझ्या म्हणजे?"

बस आली. ते पुढच्या दाराने चढले, मी चढले नाही. पुढच्या बसने गेले. उभ्याने.

मला तोवर वाटायचं की मी एका अडाणी माणसाशी भांडते आहे. अडाणी माणसाला समजावता येतं. हा माणूस मला येतं तेवढं सगळं येत असून चाळीस मुलांना दरवर्षी खोटं शिकवत होता, आणि तीच मुलं ते लिहून आली की जळगावला बसून त्यांना शून्य देत होता. त्या उभ्या प्रवासात माझ्या मनातला उरलासुरला संकोच गेला.

दुसऱ्या दिवशी सूचनाफलकावर मी दोन कागद लावले. एक त्यांच्या गाइडचं ते पान, ओळीखाली लाल रेघ. दुसरा माझ्या हाताने लिहिलेलं बरोबर उत्तर. खाली माझी पूर्ण सही. सरांनी ते दुपारी मुलांदेखत फाडले. मी पुन्हा लावले. त्यांनी पुन्हा फाडले. हे दहा-बारा दिवस चाललं. मुलं येता-जाता बघायची की आज कागद आहे की नाही, आणि असला की वाचायची. पेटीवाल्यांची मुलगी एकदा माझ्यासमोरच तो वहीत उतरवून घेत होती. "मॅडम, दोन्ही पाठ करते," ती म्हणाली. "कॉलेजात सरांचं, विद्यापीठात तुमचं." तिने तसंच केलं आणि पहिल्या वर्गात पास झाली. आज ती फैजपूरकडे शाळेत शिकवते. मी तिला यापेक्षा चांगलं काही शिकवू शकले नाही याची मला लाज वाटते.

पुढच्या वर्षी सरांनी ज्वालामुखीचं प्रकरण माझ्याकडून काढून घेतलं. मला लोकसंख्या दिली. दोन वर्षांनी गाइडची नवी आवृत्ती आली. ते वाक्य सरळ झालं होतं. ना कुठे खुलासा, ना कुठे माझा उल्लेख. जी मुलं मधल्या वर्षांत ते पाठ करून गेली त्यांचं काय, हे कुणी विचारलं नाही. मी विचारलं, बैठकीत, नोंद करून घ्या म्हणून. नोंद झाली नाही.

ते निवृत्त झाले तेव्हा निरोप समारंभात मला बोलायचा आग्रह झाला. एका सहकाऱ्याने भाषणात मला हसत ज्वालामुखी म्हटलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला ही उपमा चीड आणते. ज्वालामुखीला कुणी फिनेलने पुसलेलं नसतं. माझी पाळी आली तेव्हा मी माइकसमोर उभी राहून म्हटलं, "मला काही बोलायचं नाही," आणि जागेवर येऊन बसले. सरांनी समोरच्या हारांकडे बघितलं.

आता विभाग माझ्याकडे आहे. या वर्षी जूनमध्ये प्रवेशाच्या दिवसांत सर आले. काठी घेऊन, नातीबरोबर. तिला भूगोल घ्यायचा होता. मुलगी चुणचुणीत होती, कागद नीट लावून आणले होते, गुण चांगले होते. मी तिचा अर्ज तपासला, दोन प्रश्न विचारले, तिने बरोबर उत्तरं दिली. तिचा प्रवेश झाला, त्यात अडवण्यासारखं काही नव्हतं आणि मी अडवलंही नाही. सरांना मी बसा म्हटलं नाही. ते उभे होते. मुलगी झेरॉक्स आणायला बाहेर गेली तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, जुनं काही मनात ठेवू नका."

"ठेवलंय, सर," मी म्हटलं, आणि अर्ज त्यांच्याकडे सरकवला. "पालकाची सही इथे. पूर्ण नाव लिहा."